काटेबाईंची क्षम्य तफावत

काटेबाईंचा कशावरच विश्वास नव्हता असं म्हणणं अन्यायाचं होईल. दहा किलोच्या पितळी वजनावर त्यांचा विश्वास होता. अर्थात ते वजन वेळच्या वेळी तपासून घेतलेलं असलं तर.

बाई वजनमाप खात्यात निरीक्षक होत्या. बाजारातला प्रत्येक काटा वर्षातून एकदा त्यांच्या हाताखालून जायचा आणि त्यांनी मोहर मारल्यावरच शहाणा ठरायचा. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, ते तिथेच राहिलं. बाकी सगळं गाव त्यांना काटेबाई म्हणायचं. नवराही म्हणायचा, पण त्या घरात नसताना. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्या एकच गोष्ट शिकल्या होत्या, की माणूस चुकून खोटं बोलतो पण काटा चुकून खोटा होत नाही, कोणीतरी त्याला शिकवलेलं असतं. त्यामुळे दुकानदार हसून बोलला की बाई आधी काट्याच्या खाली वाकून बघायच्या.

आणि अशा बाईंच्या हातून चौथा कोपरा राहिला.

झालं असं. भंगाराच्या गोदामात जमिनीत बसवलेला मोठा काटा असतो. तो तपासायचा म्हणजे वजन मधोमध ठेवून भागत नाही. तेच वजन चारही कोपऱ्यांत फिरवून बघावं लागतं, कारण लबाडी असो की झीज, ती कोपरा धरून बसते. बाईंनी तीन कोपरे घेतले. मग छातीतून एक आच उठली, मानेवरून कानशिलापर्यंत गेली, पदराखाली घामाची धार लागली. ती ओसरेपर्यंत त्या उभ्या राहिल्या, आणि ओसरल्यावर त्यांनी मोहर मारली. चौथा कोपरा डोक्यातून साफ पुसला गेला.

तक्रार कोणी केली? खुद्द गोदामवाल्याने. अकरा वर्षं बाई ज्याच्या मागावर होत्या, त्याने स्वतः कार्यालयात फोन करून कळवलं, की साहेब, तुमच्या निरीक्षकबाईंनी खोट्या काट्याला खरा म्हटलंय. त्याच्या प्रामाणिकपणाचं कारण साधं होतं. चौथ्या कोपऱ्यात काटा भंगार विकायला आणणाऱ्याच्या बाजूने चुकत होता, म्हणजे तोटा गोदामवाल्याचा होता.

साहेबांनी बाईंना खुर्ची दिली, ही वाईट खूण होती. एरवी ते समोरच्याला उभं ठेवूनच बोलत.

"बाई, हे दुसऱ्यांदा. मागच्या महिन्यात शिक्क्यावर वर्ष चुकलं होतं."

"हो."

"तब्येत वगैरे?"

"उत्तम."

"मग तात्पुरतं आवक-जावकच्या टेबलावर बसा. बावीस तारखेला आपण दोघं मिळून त्याच गोदामात जाऊ. सगळी तपासणी तुम्ही करायची, मी नुसता उभा राहीन. नीट झालं तर पुन्हा बाजार तुमचा."

"आणि नाही झालं तर?"

साहेबांनी टेबलावरच्या टाचण्या एका रांगेत लावल्या. "टेबलही खात्याचंच असतं, बाई."

आवक-जावक म्हणजे आलेलं पत्र नोंदवायचं आणि गेलेलं पत्र नोंदवायचं. काटेबाईंना ते टेबल म्हणजे वाघाला शेळ्या मोजायला बसवल्यासारखं वाटलं. चुकीचं कारण त्यांना ठाऊक होतं. आठ महिने त्यांना सलग तीन तासांपेक्षा जास्त झोप नव्हती. चष्मा फ्रिजमध्ये सापडत होता, आणि नवरा चष्मेवाला असल्यामुळे ही गोष्ट घरात जरा जास्तच लागत होती. पाळी थांबून दीड वर्ष झालं होतं. हे सगळं त्याचंच आहे हे त्यांना कळत होतं, पण कारण कळल्याने झोप येत नाही. आणि बावीस तारखेला अजून एकोणतीस दिवस होते.

अशा वेळी माणसाला देव आठवतो. काटेबाईंना नणंद आठवली.

नणंद वयाने दोन वर्षांनी लहान. केस कापायचं दुकान चालवायची. दिवसभर लोकांच्या डोक्याशी खेळल्यामुळे आपल्याला सगळ्यांच्या डोक्यातलं कळतं असा तिचा समज होता. गेल्या सहा महिन्यांत ती एकाएकी टवटवीत दिसायला लागली होती, आणि हे काटेबाईंच्या नजरेतून सुटलं नव्हतं. त्यांना तेव्हाच संशय आला होता. काट्याला नवा रंग लावला की आत काहीतरी बिघडलेलं असतं.

"वहिनी, अगं बायोआयडेंटिकल," नणंद म्हणाली. तिने तो शब्द असा उच्चारला की जणू माहेरचं आडनाव. "समतोल केंद्र म्हणून आहे. तुझ्या शरीरात जे हॉर्मोन कमी झालेत ना, तेच देतात. तसेच. तंतोतंत. वनस्पतीपासून काढलेले."

"तंतोतंत म्हणजे किती दशांशापर्यंत?"

"अगं, तू काय भाजी घेतेयस का?"

"भाजीवाला निदान तोलून दाखवतो."

"तिथे लाळ तपासतात. मग तुझ्या एकटीसाठी मलम बनवतात. तुझ्या नावाची बाटली. दुसऱ्या कोणाला चालणारसुद्धा नाही."

"दुसऱ्या कोणाला चालणार नाही, म्हणजे दुसऱ्या कोणाला तपासताही येणार नाही," काटेबाई म्हणाल्या.

नणंदेने आपल्या भावाकडे पाहिलं. चष्मेवाल्याने भिंग पुसायला घेतलं. नणंद-भावजयीच्या मधे बोलून कोणाचं भलं झाल्याचं त्याने ऐकलं नव्हतं.

तरी बाई गेल्या. झोपेसाठी माणूस कुठेही जातो.

समतोल केंद्रात शिरल्या शिरल्या त्यांचं वजन घेण्यात आलं. बाई काट्यावर चढल्या नाहीत. आधी खाली वाकल्या.

"याची पडताळणी कधी झाली?"

स्वागताला बसलेली मुलगी गोड हसली. "तो नवीनच आहे."

"नवीन काटा पहिल्या दिवसापासून खोटा असू शकतो," बाई म्हणाल्या आणि चप्पल काढून चढल्या. काट्याने साडेतीन किलो कमी दाखवलं. त्यांच्या संशयाला बळकटी आली. इथे येणारी प्रत्येक बाई दारातच खूश होत असणार.

आत सल्लागार होता. पांढरा कोट होता, पण गळ्यात नळी नव्हती आणि भिंतीवर पदवी नव्हती. पदवीच्या जागी धबधब्याचं चित्र होतं. त्याने चार पानांचा फॉर्म दिला. झोप कशी, चिडचिड किती, सकाळी उठल्यावर आपण कोणत्या ऋतूत आहोत असं वाटतं, आवडता रंग. बाईंनी सगळं भरलं. 'चिडचिड' या रकान्यात त्यांनी 'प्रसंगानुरूप' असं लिहिलं. मग एका नळीत थुंकायला सांगितलं. आठ दिवसांनी नळीचा निकाल आला: तीन रंगांचा आलेख आणि त्याखाली 'असमतोल' हा शब्द. पैशाची पावती मिळाली, आणि दांडी दाबली की मलम येतं तशी एक पांढरी बाटलीही मिळाली. रोज एकदा दाबायचं, दंडावर चोळायचं.

"एका दाबात किती येतं?" बाईंनी विचारलं.

"एक ग्रॅम."

"आणि त्या एका ग्रॅममध्ये हॉर्मोन किती?"

"तुमच्या गरजेइतकं."

काटेबाईंनी सव्वीस वर्षांत अनेक दुकानदारांकडून हे उत्तर ऐकलं होतं, फक्त शब्द वेगळे असत.

त्यांनी ती बाटली दंडावर लावली नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कार्यालयाच्या मागच्या खोलीत नेली. तिथे सोनारांची वजनं तपासायचा नाजूक काटा काचेच्या पेटीत ठेवलेला असतो, त्याला श्वासाचीसुद्धा बाधा होते. बाईंनी खिडकी लावली, पंखा बंद केला, बशी ठेवली आणि एकेक दाब देत वीस वेळा मलम तोललं. सर्वांत हलका दाब निघाला पाऊण ग्रॅमहूनही कमी, सर्वांत भारी सव्वा ग्रॅमच्या वर. दोनदा नुसती हवा आली. पंखा बंद असल्यामुळे त्या घामाने निथळल्या होत्या, पण हा घाम हक्काचा होता. महिन्यात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. वीस आकडे वळणदार अक्षरात लिहून त्या केंद्रात पोचल्या.

सल्लागाराने कागद बघितला. उलटा होता, तो सरळ केला.

"मॅडम, शरीर हा काही काटा नाही. ते स्वतःच जुळवून घेतं."

"शरीर जुळवून घेत असतं तर मी इथे आले असते का?"

"आम्ही प्रत्येकीसाठी वेगळं बनवतो."

"ते कळलं. बनवल्यावर तपासतं कोण? या बाटलीवर जे लिहिलंय तेवढंच आत आहे, हे बाहेरचं कोण सांगतं?"

"आमचा अनुभव सांगतो."

"अनुभव कुठे बसतात? मला त्यांना भेटायचंय."

त्यावर सल्लागाराने धबधब्याकडे पाहिलं आणि पाणी मागवलं.

आता काटेबाईंचा निकाल लागला होता. हॉर्मोन ही शुद्ध फसवणूक. बायोआयडेंटिकल हा तिचा शिक्का. आणि नणंद, बिचारी, बळी. फक्त तक्रार लेखी करायची तर जाणकाराचं प्रमाणपत्र जोडायला हवं. म्हणून त्या सार्वजनिक रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. उपचारासाठी नव्हे, पुराव्यासाठी. नणंदेला सोबत नेलं, साक्षीदार म्हणून.

डॉक्टरीणबाई साठीच्या घरात आलेल्या, बुटक्या, आणि बोलताना समोरच्याकडे न बघता कागदाकडे बघणाऱ्या. दिवसभर त्याच त्या गोष्टी सांगून त्यांचा आवाज सपाट झाला होता. बाईंचे वीस आकडे मात्र त्यांनी चष्मा वर करून वाचले.

"हे तुम्ही तोललंत?"

"मी."

"छान तोललंय. आमच्याकडे असं कोणी आणत नाही. लोक आलेख आणतात."

काटेबाईंनी नणंदेकडे विजयी मुद्रेने पाहिलं. "म्हणजे हे बायोआयडेंटिकल वगैरे थोतांड आहे, एवढं मला लिहून द्या."

"ते कसं देऊ? ते खरं आहे."

नणंदेने खुर्ची पुढे ओढली.

"शरीरात असतं तेच हॉर्मोन, त्याच रचनेचं, कारखान्यात बनतं. मूळ माल वनस्पतीतला असतो हेही खरं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तेच आम्ही देतो. चामडीवर लावायची पट्टी असते, जेल असतं, गोळी असते. फरक एवढाच, की त्या पट्टीत किती आहे ते बाहेरचे लोक तपासतात. आज घेतलेली आणि वर्षाने घेतलेली सारखीच निघते. तुमच्या त्या बाटलीला हे तपासणीचं बंधनच नाही. हॉर्मोन खोटं नाही, बाई. माप खोटं आहे."

काट्याच्या बाजूने कोणीतरी निकाल दिला होता, पण तो भलत्याच पक्षाला गेला होता.

"आणि ती लाळेची तपासणी?" नणंदेने भीत भीत विचारलं.

"या वयात हॉर्मोन सकाळी एक आणि संध्याकाळी एक असतं. थुंकी कधी घेतली त्यावर निकाल. तुमच्या वयाला आणि त्रासाला विचारलं तरी पुरतं." त्यांनी नणंदेकडे पहिल्यांदा पाहिलं. "तुमच्या बाटलीत दुसरं हॉर्मोन किती आहे? गर्भाशय आहे ना तुम्हाला?"

"आहे."

"मग नुसतं पहिलं, आच कमी करणारं, देऊन चालत नाही. त्याने आतलं अस्तर वाढतं. त्याला आवर घालायला दुसरं लागतं, आणि पुरेसं लागतं. मलमातून ते पुरेसं पोचतं याची खात्री कोणी देत नाही. तुम्ही उद्या वेगळ्या या. आज यांचं बघू."

"माझं काही नाही," काटेबाई म्हणाल्या. "मी कागद न्यायला आलेय."

"झोप किती?"

"तीन तास."

"म्हणजे आहे की काहीतरी. ही पट्टी तुम्हाला चालेल की नाही ते बघू. साठीच्या आत आहात, पाळी थांबून फार दिवस झाले नाहीत, हे ठीक. बरीच वर्षं दोन्ही हॉर्मोन घेतले तर स्तनाच्या कॅन्सरची शक्यता थोडी वाढते, ते मी आधीच सांगते, नंतर भांडायचं नाही. आता विचारते त्याची उत्तरं द्या. पायात, फुप्फुसात कधी रक्ताची गाठ?"

"नाही."

"स्तनाची गाठ, कॅन्सर?"

"नाही."

"पक्षाघात, हृदयाचा झटका, लिव्हरचं दुखणं?"

"नाही, नाही, नाही." काटेबाईंना हे आवडायला लागलं होतं. असे प्रश्न त्या स्वतः विचारत. सल्लागाराने आवडता रंग विचारला होता, ही बाई कोपरे तपासत होती. नाही म्हटलं तरी त्यांना वाटलं, इथे मोहर बसेल. पट्टी मिळेल. बावीस तारखेला अजून सोळा दिवस आहेत, तोपर्यंत डोकं ताळ्यावर येईल.

"पाळी थांबल्यानंतर कधी रक्त गेलं?"

"नाही."

हे 'नाही' आधीच्या सगळ्यांपेक्षा अर्धा क्षण लवकर आलं. डॉक्टरीणबाईंनी कागदावरून मान वर केली.

"डागसुद्धा?"

आता हे सांगायला हवं. दोन महिन्यांपूर्वी दोन दिवस डाग दिसले होते. काटेबाईंनी ते लपवलं नव्हतं. त्यांच्या मते तरी नव्हतं. त्यांनी ते रीतसर वहीत लिहिलं होतं आणि पुढे 'क्षम्य' असा शेरा मारला होता. त्यांच्या खात्यात प्रत्येक काट्याला थोडी चूक माफ असते. शंभर किलोला अमुक ग्रॅम इकडे तिकडे झालं तर काटा नापास होत नाही. त्याला क्षम्य तफावत म्हणतात. दीड वर्षाचे साडेपाचशे दिवस, त्यांत दोन दिवस. बाईंनी भागाकार केला होता. तफावत शेकडा अर्ध्याच्याही आत होती.

हे त्यांनी डॉक्टरीणबाईंना आकड्यांसकट सांगितलं.

नणंदेचा आ वासला. "वहिनी, मी केस गळाले तरी तुला सांगते."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "बाई, भागाकार बरोबर आहे. पण एकदा वर्षभर बंद झाल्यावर इथे क्षम्य तफावत शून्य असते. एक थेंबही तपासावा लागतो. बहुतेक वेळा साधं काहीतरी निघतं. कधीकधी कॅन्सर निघतो. कोणतं, ते बघितल्याशिवाय मी तुम्हाला पट्टी देणार नाही."

"बघायला किती दिवस?"

"सोनोग्राफी, मग आतल्या अस्तराचा तुकडा. निकाल यायला तीन आठवडे धरा."

"मला बावीस तारखेला काम आहे."

"अस्तराला तारीख कळत नाही. आणि ती बाटली लावू नका. ज्या काट्याची तपासणी चालू आहे, त्याला कोणी हात लावतं का?"

हे उत्तर काटेबाईंच्या इतक्या वर्मी बसलं की त्या कागद न मागताच उठल्या.

बाहेर पायऱ्यांवर नणंद आधी खाली बसली. मग म्हणाली, "त्या केंद्रात हे विचारलंच नव्हतं. मला नाही, तुला पण नाही."

"विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं," काटेबाई म्हणाल्या, आणि स्वतःचंच वाक्य ऐकून थांबल्या. जगात एवढे चोर शोधले, पण आपल्यातल्या या बाईकडे कधी खाली वाकून पाहिलं नव्हतं.

सोनोग्राफी झाली. अस्तर हवं त्यापेक्षा जाड दिसलं, आत काहीतरी लोंबतंय असं तपासणाऱ्याने लिहिलं, आणि तुकडा काढायची तारीख मिळाली एकोणीस. निकाल त्यानंतर आठवड्याने. बावीस तारीख मध्ये उभी होती, भर रस्त्यात गाडी लावून ठेवल्यासारखी.

त्या रविवारी दुपारी काटेबाई कपाटासमोर उभ्या होत्या. हातात पांढरी बाटली. चष्मेवाला दारात येऊन थांबला.

"लावतेयस?"

"बघतेय."

"बघून ते लागत नाही."

"अहो, वीस दाबांपैकी अठरांत काहीतरी होतंच ना. नणंदबाई झोपतात की. दहा दिवस लावलं, ते गोदाम पार पडलं, की बंद. कोणाला कळणार आहे?"

चष्मेवाल्याने लग्नाच्या तीस वर्षांत बायकोच्या तोंडून 'कोणाला कळणार आहे' हे शब्द ऐकले नव्हते. दुकानदारांच्या नकला करताना ऐकले होते, तेवढेच. त्याने उपदेश केला नाही. तो फक्त म्हणाला, "मला भीती वाटतेय. त्या निकालाची. तुला नाही का वाटत?"

काटेबाई बाटलीकडे बघत राहिल्या. आच उठली, कानशिलापर्यंत गेली, उतरली. "वाटते," त्या म्हणाल्या. "म्हणून तर मी गोदामाचा विचार करतेय."

मग त्यांनी बाटली पिशवीत घातली, तिला दोरा बांधला, वर कागद चिकटवला आणि तारीख घालून सही केली. जप्तीचा माल करतात तसं. तक्रारीसोबत जोडायला.

सोमवारी त्यांनी साहेबांना उद्देशून अर्ज लिहिला. चार वेळा लिहिला. पहिल्यात 'वैयक्तिक कारणास्तव' होतं. असे अर्ज त्यांच्या टेबलावरून रोज जात आणि अशा अर्जांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. दुसऱ्यात 'प्रकृती अस्वास्थ्य' होतं. तिसरा त्यांनी पुरा केला नाही. चौथा असा होता: 'रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाल्याने माझी वैद्यकीय तपासणी चालू आहे. रजोनिवृत्तीमुळे आठ महिने झोप नाही व लक्ष टिकत नाही. चौथा कोपरा त्यामुळेच राहिला. तब्येत उत्तम आहे असे मी आपणांस सांगितले होते, ते चूक होते. तपासणी व उपचार होईपर्यंत बावीस तारखेची पाहणी सहा आठवडे पुढे ढकलावी.'

आता आवक-जावकच्या टेबलावर स्वतः बसलेल्या माणसाने स्वतःचाच अर्ज साहेबांकडे नेऊन द्यायचा नसतो. आधी नोंद करावी लागते. काटेबाईंनी वही उघडली. 'कोणाकडून' या रकान्यात आपलं नाव लिहिलं, जे इतक्या वर्षांत त्यांनी क्वचितच लिहिलं होतं. 'विषय' या रकान्यात अर्जाचं पहिलं वाक्य उतरवलं. कार्यालयातला प्रत्येक माणूस ती वही दिवसातून दोनदा चाळतो हे त्यांना माहीत होतं. क्रमांक टाकला आणि आत गेल्या.

साहेबांनी अर्ज वाचला. मग तोच पुन्हा वाचला. टाचण्यांच्या डबीकडे हात नेला आणि मागे घेतला.

"बाई, हे विषयात लिहायची गरज नव्हती."

"नियम आहे, साहेब. विषय मोघम नसावा. तुमचंच परिपत्रक."

"हो, पण ते... काट्यांबद्दल होतं."

"त्यात तसं म्हटलेलं नाही."

साहेबांच्या कानांचा रंग बदलला. त्यांनी अर्जावर 'मंजूर' लिहिलं, सही केली, आणि बाई दाराशी पोचल्यावर मागून विचारलं, "निकाल काय आला ते कळवाल का? म्हणजे खात्याला नको. मला."

निकाल सव्वीसला आला. त्या सात दिवसांबद्दल बाई कधी कोणाशी बोलल्या नाहीत. चष्मेवाल्याने त्या आठवड्यात तीन गिऱ्हाइकांना डाव्या डोळ्याचं भिंग उजवीकडे बसवून दिलं, एवढंच बाहेर कळलं. आत लोंबणारा मांसाचा कोंब होता. साधा निघाला. तो काढून टाकला, अस्तराचा तुकडाही स्वच्छ आला. मग डॉक्टरीणबाईंनी पट्टी दिली, झोपताना घ्यायची दुसऱ्या हॉर्मोनची गोळी दिली आणि तीन महिन्यांनी दाखवायला सांगितलं. पुन्हा डाग दिसला तर भागाकार करायचा नाही, हे चिठ्ठीवर लिहून दिलं.

बाईंनी पट्टीच्या खोक्यावरचा क्रमांक, तारीख, कारखान्याचा पत्ता सगळं वाचलं, आणि समाधान न होता ती लावली. पहिले दहा दिवस काही झालं नाही. बाईंनी पट्टीबद्दलच्या दुसऱ्या तक्रारीचा मसुदा तयार केला. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी त्या जाग्या झाल्या आणि घड्याळ बिघडलंय असं त्यांना वाटलं. सहा तास झाले होते. आच थांबली नव्हती, पण दिवसातून सात-आठ वेळा यायची ती दोनदा यायला लागली. नणंद डॉक्टरीणबाईंकडे एकटी जाऊन आली. तिलाही पट्टी मिळाली, पण आपल्या टवटवीतपणाचं श्रेय ती अजून जुन्या बाटलीलाच देते. काही काट्यांची मोहर लवकर निघत नाही.

मग गोदाम.

गोदामवाला दुरुस्त करून घेतलेल्या काट्याशेजारी हाताची घडी घालून उभा होता. साहेब भिंतीला टेकून. बाईंनी वाकून काट्याखाली पाहिलं, शून्य पाहिलं, हमालाकडून वजन मधोमध ठेवून घेतलं. पहिला कोपरा. आकडा लिहिला. दुसरा कोपरा. लिहिला. वजनं तिसऱ्या कोपऱ्याकडे सरकली आणि छातीतून आच उठली, त्या दिवसाच्या दोनांतली एक. बाई थांबल्या. घाम पुसला. कागदाने वारा घेतला. आच उतरल्यावर त्यांनी कागदाकडे पाहिलं. तिसऱ्या रकान्यात आकडा होता. तो आत्ता वाचून लिहिला की दुसऱ्या कोपऱ्याचाच पुन्हा उतरवला, ते त्यांना सांगता येईना. दोन्ही आकडे सारखे होते. बहुधा बरोबर होते.

साहेब बघत होते. गोदामवाला बघत होता.

"तिसरा वाचला का नाही, मला आठवत नाही," काटेबाई म्हणाल्या. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "वजनं पुन्हा मधे आणा. पहिल्यापासून घेते."

"बाई, चारशे किलो आहेत," हमाल म्हणाला.

"मला दिसतंय."

वजनं पुन्हा फिरली. मधोमध, एक, दोन, तीन, चार. चौथ्याला त्या दोनदा वाकल्या. काटा खरा होता. त्यांनी मोहर मारली, वर्ष मोठ्याने वाचलं आणि कागद साहेबांपुढे धरला. साहेबांनी सही केली आणि पेनाला टोपण लावता लावता म्हणाले, "उद्यापासून बाजारात जा. आवक-जावकला मी दुसरं कोणीतरी बघतो."

ते गाडीकडे गेले. गोदामवाला मात्र तिथेच घुटमळत राहिला. काट्याकडे बघे, बाईंकडे बघे.

"काय झालं?" बाईंनी विचारलं. "पास झालाय ना तुमचा?"

"ते झालं हो." त्याने मान खाजवली. "अकरा वर्षं तुम्ही येताय. आठवत नाही असं तुम्ही कधी म्हणाला नव्हतात, तेव्हा तुमच्या चुकीवर तुम्हाला कुठे पकडायचं ते मला ठाऊक होतं. आता चूक तुम्हीच आधी सांगता म्हटल्यावर मात्र खरी धास्ती वाटायला लागली."